नंदीबैल, बर्लिनचा घोडा आणि पुण्यातल्या दोनशे पत्रिका

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवणं झाल्यावर वाचा. अर्धी वाचून कमेंट मात्र करू नका, एवढी विनंती.

अक्षय तृतीया झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या फोनला उसंत नसते. "भाऊ, भेंडवळनं काय सांगतलं?" पिंपळगाव राजातून, आजूबाजूच्या खेड्यांतून, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या आपल्या पोरांकडून, सगळीकडून हाच प्रश्न. बातमी टाकली की खाली दोन फळ्या पडतात. एक फळी म्हणते, साडेतीनशे वर्षांची परंपरा उगाच टिकली का? दुसरी म्हणते, सगळं थोतांड आहे, पेपरवाल्यांनी छापूच नये. पहिली फळी एखादं खरं ठरलेलं साल काढते, दुसरी एखादं चुकलेलं साल काढते. चार दिवस शिवीगाळ होते आणि मग सगळे बियाण्याच्या रांगेत उभे राहतात.

एवढ्या वर्षांच्या भांडणात कोणीही विचारत नाही की हे तपासायचं कसं. "मला अनुभव आला" हा पुरावा नाही आणि "विज्ञान मानत नाही" हाही पुरावा नाही. तपासण्याची एक रीत असते. मानसशास्त्राच्या लोकांनी ती गेल्या सव्वाशे वर्षांत ठेचा खात खात घडवली. तिचा एक अस्सल मराठी नमुना २००८ साली पुण्यात घडला होता, आणि आपल्याकडे तो फार थोड्यांना तपशिलात माहीत आहे. आज त्याबद्दल लिहितो.

आधी बाहेरच्या मित्रांसाठी भेंडवळ. पूर्णा ओलांडून जळगाव जामोद तालुक्यात गेलं की हे गाव. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या वावरात घट मांडतात. गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, सरकी अशा अठरा धान्यांचं गोल रिंगण करतात. मधे खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, आणि त्यासोबत पापड, भजी, वडा, कुरडई, पानविडा, सुपारी. रात्रभर तिथं कोणी थांबत नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज येऊन बघतात की कुठला दाणा हलला, कुठलं ढेकूळ किती भिजलं. त्यावरून पाऊस, पीक, भाव, राजकारण असं सगळं सांगतात. ऐकायला शेजारच्या जिल्ह्यांतूनही माणसं येतात.

यात गंमत म्हणून सोडून द्यावं असं काही नाही. जूनचा पाऊस चांगला सांगितला की काही कास्तकार धूळपेरणीचा जुगार खेळतात. पाऊस लांबला की दुबार पेरणी. म्हणजे बियाण्याची बॅग दुसऱ्यांदा, खत दुसऱ्यांदा आणि सावकाराचं दारही दुसऱ्यांदा. आपल्या जिल्ह्यात याचा शेवट कुठं होतो हे मी बातम्यांमध्ये लिहीत आलोय, पुन्हा लिहीत नाही. म्हणून तपासणी व्हायला पाहिजे असं मला वाटतं. कोणाचा अपमान करायचा म्हणून नव्हे.

आता नंदीबैलाकडे येऊ. लहानपणी गल्लीत ढोल वाजला की आपण पळत जायचो. झूल घातलेला, शिंगांना गोंडे बांधलेला बैल. नंदीवाला विचारणार, "पाऊस पडेल का?" बैल मान हलवणार. "वयनीला मुलगा होईल का?" पुन्हा मान. बैलाला हवामान कळत नाही आणि वयनीचंही कळत नाही, हे आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्या पसाभर ज्वारी घालायच्याच, कारण त्या भटक्या माणसाचं पोट त्यावर होतं. बैलाला कळायचा तो दोरीचा हलका झटका आणि ढोलाचा बदललेला ताल. मालकाला उत्तर माहीत असतं, बैलाला मालक माहीत असतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत बर्लिनमध्ये एक नंदीबैल होता. फक्त तो घोडा होता. नाव हान्स. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन, निवृत्त गणित शिक्षक. हान्स बेरीज-वजाबाकी करायचा, तारीख सांगायचा, खुरानं जमिनीवर टकटक करून उत्तर द्यायचा. फॉन ओस्टेन यासाठी पैसे घेत नव्हते आणि लबाडीही करत नव्हते. घोडा शिकला आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

१९०४ साली तपासणीसाठी समिती बसली. मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल श्टुम्फ, पशुवैद्य, सर्कसवाला, घोडदळातला अधिकारी अशी मंडळी होती. त्यांनी बारकाईनं पाहिलं आणि सांगितलं की यात फसवणूक नाही. आपल्याकडे असतं तर प्रकरण इथंच संपलं असतं. पेपरात मथळा आला असता, "तज्ज्ञांनीही मान्य केलं".

पण श्टुम्फ यांचा सहकारी ऑस्कर फुंग्स्ट याला एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यानं अगदी साधी गोष्ट केली. काही वेळा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल असा प्रश्न दिला, आणि काही वेळा विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असा. घोडा तोच, अंगण तेच, प्रश्नही तसलेच. फरक एकच, माणसाला माहीत आहे की नाही. माहीत असेल तेव्हा हान्सची दहातली जवळपास नऊ उत्तरं बरोबर. माहीत नसेल तेव्हा शंभरात सहा.

मग घोडा काय वाचत होता? माणूस प्रश्न विचारून खुराकडे बघायला किंचित पुढं झुकायचा, आणि टकटक बरोबर आकड्यावर आली की नकळत डोकं थोडं वर उचलायचा. घोडा थांबायचा. फुंग्स्टनं पुढं प्रयोगशाळेत स्वतः घोडा होऊन पाहिलं. समोरच्यानं मनात धरलेला आकडा तो टेबलावर थापा मारून ओळखायचा, नुसत्या डोक्याच्या हालचालीवरून. समोरच्याला आपण हललो याचा पत्ता नसायचा. त्याचं पुस्तक १९०७ साली आलं. तेव्हापासून मानसशास्त्रात एक नियम हळूहळू पक्का होत गेला. ज्याची परीक्षा आहे त्याला उत्तराचा सुगावा लागता कामा नये, आणि जो परीक्षा घेतो त्यालाही त्या क्षणी उत्तर माहीत असता कामा नये. दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर पट्टी. नव्या औषधांच्या चाचण्यांतही हीच रीत वापरतात.

माणूस प्रामाणिक असला तरी पट्टी लागतेच. १९६३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल यांनी विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी उंदीर दिले. काहींना सांगितलं की तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत, काहींना सांगितलं मठ्ठ वाणाचे. खरं तर सगळे सारखेच होते. तरी 'हुशार' उंदीर चक्रव्यूहातून वाट लवकर शिकले अशा नोंदी आल्या. पोरांनी खोटं लिहिलं नव्हतं. हाताळणं बदललं, बघणं बदललं. आपल्या शाळांमध्ये 'अ' तुकडी आणि 'क' तुकडी करणाऱ्या गुरुजींनी यावर जरा विचार करावा. असो, तो वेगळा विषय.

दुसरी भानगड शब्दांची. बसस्टँडवर हात बघणारा काय सांगतो? "दादा, तू लोकाइसाठी लय करतो, पण तुह्या हाताले यश नाही. पैसा येतो, टिकत नाही." आता मला असा एक माणूस दाखवा ज्याला हे लागू पडत नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाला त्याचं 'खास' वर्णन दिलं. पाचपैकी गुण द्या, किती जुळतं. सरासरी आली ४.२६. मग त्यानं उघड केलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं बहुतेक बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. ऐकणारा आपला अर्थ आपणच भरतो. "पाऊस साधारण राहील, कुठं कमी कुठं जास्त, पिकाची थोडी नासाडी" हे वाक्य या चष्म्यातून एकदा वाचून बघा.

आता पुणे.

२००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांत ज्योतिष शिकवायचं ठरवलं तेव्हा देशभर वाद पेटला होता. शास्त्रज्ञांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २००४ मध्ये न्यायालयानं अभ्यासक्रम रद्द करायला नकार दिला. विरोध करणाऱ्यांत डॉ. जयंत नारळीकर पुढं होते. आपल्या लोकांना ते विज्ञानकथांमुळे आणि आयुकामुळे माहीत आहेत. ज्योतिषात तथ्य नाही असं नुसतं व्यासपीठावरून सांगत राहणं त्यांना सोपं होतं. त्यांनी तसं न करता परीक्षा घ्यायची ठरवली. सोबत तिघे. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले प्रा. सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, आणि प्रकाश घाटपांडे, जे स्वतः एकेकाळी ज्योतिषी होते आणि नंतर त्याच विषयाचे टीकाकार झाले.

या चौघांनी आखणी कशी केली ते नीट बघा, कारण खरी हुशारी तिथं आहे. पहिला प्रश्न, नेमकं काय तपासायचं? "ज्योतिष खरं की खोटं" हा प्रश्न परीक्षेला बसत नाही, फार पसरट आहे. लग्न टिकेल का, नोकरी लागेल का, यांची उत्तरं यायला वर्षं लागतात आणि उत्तराचे अर्थही दहा निघतात. म्हणून त्यांनी असा दावा निवडला जो ज्योतिषी स्वतः करतात आणि ज्याचं उत्तर आजच माहीत असतं. पत्रिकेवरून बुद्धी कळते, हा तो दावा.

दुसरा प्रश्न, बुद्धी मोजायची कशी? इथं एक जुनी गोष्ट सांगतो. पॅरिसमध्ये तयार झालेली आणि अमेरिकेत सुधारलेली बिने यांची बुद्धिमापन चाचणी आपल्या मुलांना लावायची म्हणून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडमध्ये कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर काम केलं. १९४० मध्ये ऑक्सफर्डनं त्यांचं 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हे पुस्तक काढलं. अशा कामात नुसतं भाषांतर चालत नाही. प्रत्येक प्रश्न आधी मुलांवर तपासून घ्यावा लागतो. आठ वर्षांच्या सगळ्याच पोरांना येतो तो प्रश्न आठ वर्षांच्यांसाठी निकामी, कोणालाच येत नाही तोही निकामी. याला म्हणतात पूर्वचाचणी. आपल्याला हे शिकवायला परदेशी पुस्तक नको. सोयाबीन पेरण्याआधी कृषी सहायक सांगतो ना, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर पेरा? तेच हे. वावरात पेरून मग बियाणं खराब निघालं असं म्हणण्यात अर्थ नसतो.

पुण्याच्या मंडळींनी मोजमापाची ही कटकट एका युक्तीनं टाळली. मधली मुलं घेतलीच नाहीत. समितीचे कार्यकर्ते शाळांमध्ये गेले आणि शिक्षक ज्यांना हुशार म्हणतात अशा मुलांची माहिती आणली. विशेष शाळांमधून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची आणली. तेव्हा मतिमंद हाच शब्द सगळीकडे वापरात होता. शंभर या टोकाची, शंभर त्या टोकाची. पंचावन्न टक्केवाला आणि साठ टक्केवाला यांतला फरक ओळखा असं कोणी म्हणत नव्हतं. पत्रिकेत बुद्धीची काहीही खूण असेल तर इथं ती दिसायलाच पाहिजे. ज्योतिष्यांना यापेक्षा सोपा पेपर काढता आला नसता.

जन्मवेळ आणि ठिकाण पालकांकडून घेतलं. ज्योतिषीही रोज तेच करतात, घरच्यांनी सांगितलेली वेळ धरतात. पत्रिका घाटपांडे यांनी संगणकावर काढल्या. नंतर त्या सगळ्यांना सांकेतिक क्रमांक टाकून कुंटे सरांनी विद्यापीठात बंदोबस्तात ठेवल्या, म्हणजे कुठला क्रमांक कोणाचा हे ज्योतिष्यांनाही कळणार नाही आणि प्रयोग करणाऱ्यांनाही नाही. फुंग्स्टची पट्टी ती हीच.

१२ मे २००८ ला पुण्यात पत्रकार परिषद झाली, पेपरांत मोठ्या बातम्या आल्या. आवाहन असं की ज्योतिष्यांनी आपली माहिती आणि परतीचं तिकीट लावलेलं पाकीट पाठवावं, त्यांना दोनशेतून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या चाळीस पत्रिका मिळतील. प्रत्येकीपुढं फक्त लिहायचं, हुशार की मतिमंद. संस्थांना सगळ्या दोनशे. थोड्याच दिवसांत दीडशेच्या आसपास लोकांनी चौकशी केली. प्रत्यक्ष पत्रिका मागवल्या ५१ जणांनी. उत्तरं पाठवली २७ जणांनी. मधल्या काळात एका ज्योतिष संघटनेच्या पुण्यातल्या पुढाऱ्यानं आधी सहभागाचं आवाहन केलं, पत्रिकेतून बुद्धी ओळखायचे काही नियमही सांगितले, आणि नंतर ज्योतिष्यांच्या बैठकीत बहिष्काराचा सल्ला दिला. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

निकालाची रेषा चाळीसपैकी २८ वर होती. का, ते सांगतो. नाणं उडवून उत्तरं लिहिली तरी सरासरी वीस बरोबर येणार. नशीब जोरावर असेल तर बावीस, चोवीसही येतील. पण निव्वळ नाण्याच्या जोरावर २८ किंवा त्याहून जास्त यायची शक्यता साधारण सव्वाशेत एक. म्हणून २८ आले तर मानायचं की माणसाला काहीतरी कळतंय.

सत्तावीसपैकी सगळ्यांत वरचा आला २४ वर. दोघे २२ वर. उरलेले चोवीस जण वीस किंवा त्याखाली. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही आत. मी स्वतः आकडेमोड करून पाहिली. सत्तावीस जणांनी नुसती नाणी उडवली असती तर त्यांतल्या तीन-चार जणांना २४ किंवा जास्त पडणं अपेक्षित होतं. म्हणजे नाण्यांचा पहिला नंबर ज्योतिष्यांच्या पहिल्या नंबराइतका किंवा पुढंच असता. दोनशे पत्रिकांची उत्तरं एकाच संस्थेनं पूर्ण करून पाठवली. बरोबर आली १०२.

१० मार्च २००९ च्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात हा अहवाल आला. साधारण तीन पानांचा. त्यात शिवी नाही, उपहास नाही. काय केलं, कसं केलं, किती आले.

या प्रयोगात दोष नाहीत असं मी म्हणणार नाही, मी काही कोणाचा प्रवक्ता नाही. परीक्षा घेणारे सगळे ज्योतिषाचे जाहीर विरोधक होते, त्यामुळे बरेच नामांकित ज्योतिषी लांब राहिले. पत्रिका नेऊन २४ जणांनी उत्तरंच पाठवली नाहीत, ते कोण होते आणि का थांबले यावर तर्कच करता येतो. पालकांनी सांगितलेली जन्मवेळ पाच-दहा मिनिटांनी चुकलेली असू शकते. आणि बुद्धीबद्दलचा दावा पडला म्हणजे ज्योतिषाचा प्रत्येक दावा तपासून झाला असं होत नाही. हे सगळं खरं. अमेरिकेत शॉन कार्लसन यानं १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये असाच प्रयोग छापला होता. त्यानं ज्योतिष्यांना आखणीच्या वेळीच सोबत घेतलं होतं. २८ ज्योतिषी, प्रत्येक पत्रिकेसोबत तीन व्यक्तिमत्त्व अहवाल, त्यातला खरा कोणता ते ओळखायचं. निम्मे ओळखू असं त्यांनी आधी सांगितलं, ओळखले साधारण एक तृतीयांश, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवल्याइतके. त्या आकड्यांवरही पुढं बरीच वर्षं वाद चालला. पण फरक बघा. या वादात दोन्ही बाजू एकाच कागदावरचे आकडे घेऊन बोलत होत्या. आपल्या कमेंटमध्ये तसा कागदच नसतो.

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घालून खून झाला. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. दोघांवर पुष्कळ लेख आले. या दोनशे पत्रिकांचा उल्लेख त्यात मला क्वचितच दिसला. माझ्या मते हे दोघांच्या चांगल्या कामांपैकी एक होतं, कारण विरोधकाला त्याच्याच मैदानात, त्याच्याच नियमानं, संधी देऊन तपासलं होतं.

तर मग भेंडवळचं काय? अंनिसचे कार्यकर्ते घटमांडणीवर आक्षेप घेत आले आहेत, आणि मानणारे मानत आले आहेत. माझ्याकडे बऱ्याच वर्षांची कात्रणं आहेत, माझी आणि इतर पेपरांची. पत्रकारितेच्या पदविकेला आम्हाला सर्वेक्षणाचा धडा होता. सर म्हणायचे, प्रश्नावली छापण्याआधी दहा माणसांना विचारून बघा, दहा जण दहा अर्थ काढत असतील तर छापूच नका. कात्रणं पुढं घेऊन बसलो तेव्हा तेच आठवलं. जून 'साधारण'. जुलै 'चांगला'. ऑगस्ट 'कमी-जास्त'. सप्टेंबर 'लहरी'. आता 'साधारण' म्हणजे किती मिलिमीटर? आपल्याकडे एखादा म्हातारा "साधारण पाणी झालं" म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडावरून कळतं की कमी झालं. हवामान खातं सरासरीच्या १९ टक्के खाली ते १९ टक्के वर याला सामान्य म्हणतं. मग महाराजांचा साधारण आणि खात्याचा सामान्य एकच का? पाऊस येऊन गेल्यावर अर्थ लावला तर कुठलंही साल खरं ठरवता येतं आणि कुठलंही खोटं.

म्हणून पहिल्यांदा पूर्वचाचणी. भाकितं तपासायच्या आधी भाकिताचे शब्द तपासायचे. कात्रणांमधून फक्त पावसाची वाक्यं काढायची, साल आणि पेपरचं नाव कापून टाकायचं, चिठ्ठ्या मिसळायच्या. पाच माणसांना वेगवेगळं बसवायचं. एकमेकांशी बोलायचं नाही. प्रत्येकानं चिठ्ठी वाचून तीनच शब्दांपैकी एक लिहायचा, कमी, सरासरीइतका किंवा जास्त. पाचही जण बहुतेक चिठ्ठ्यांवर एकमत झाले तर भाकिताला अर्थ आहे, पुढं जाता येईल. पाच जणांची पाच मतं निघाली तर गोणपाटातले दाणे उगवले नाहीत असं समजायचं आणि तिथंच थांबायचं. मग ते खरं की खोटं हा प्रश्नच उरत नाही, कारण काय सांगितलं हेच कोणाला सांगता येत नाही.

एकमत झालं तर दुसरा गट, ज्यानं चिठ्ठ्या पाहिल्याच नाहीत, तो जिल्ह्याचे जून ते सप्टेंबरचे महिनावार पावसाचे सरकारी आकडे काढेल. कुठल्या भागाचा पाऊस धरायचा हे आधी लिहून ठेवायचं, नाहीतर बुलडाण्यात नाही पडला तर कोकणात पडला म्हणायला वाट राहते. शेवटी दोन्ही कागद शेजारी. तुलना कोणाशी? माझा एक कल्पनेतला भिडू आहे, जो दरवर्षी प्रत्येक महिन्याला डोळे मिटून "सरासरीइतका" म्हणतो. भेंडवळला या भिडूपेक्षा जास्त गुण पडले पाहिजेत. आणि न्यायाची गोष्ट म्हणजे हवामान खात्याचा मान्सूनचा अंदाजही याच तराजूत घालायचा. कास्तकाराला तोही सांगितला जातो, आणि त्याच्यावरही आपल्याकडे शिव्यांपलीकडे काही होत नाही.

घटमांडणी बंद करा असं मी म्हणत नाही. तिथं जमणारी माणसं, ती पहाट, धान्यांची ती नावं नव्या पोरांना कळणं, याला मोल आहे. वाघ घराण्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका घ्यायची नाही. फॉन ओस्टेनही प्रामाणिकच होते. बियाण्याच्या बॅगेचा निर्णय त्यावर घ्यायचा की नाही, एवढंच मला कळायला हवं आहे.

तर काम असं. माझ्या कात्रणांमध्ये काही वर्षांच्या जागा रिकाम्या आहेत. कोणाच्या घरी भेंडवळच्या बातमीची जुनी कात्रणं असतील, कुठल्याही पेपरची, तर फोटो काढून इनबॉक्समध्ये पाठवा, तारीख दिसली पाहिजे. चिठ्ठ्या वाचायला पाच माणसं हवीत. त्यात दोन तरी भेंडवळ मानणारी पाहिजेत, दोन न मानणारी, एखादी आपल्याच गावातली कास्तकार ताई असेल तर फार चांगलं. शिक्षणाची अट नाही, मराठी वाचता आलं पाहिजे. पावसाचे आकडे काढायला वेगळी दोन माणसं लागतील, संगणक येणारी. खामगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारं कोणी हे वाचत असेल तर आकडेमोडीवर नजर ठेवायला तयार आहात का ते कळवा. बसायला एका रविवारी आमच्या घरची ओसरी आहे, चहा माझ्याकडे. आणि ज्यांना चिठ्ठ्या वाचायच्या आहेत त्यांनी तोपर्यंत जुन्या सालांच्या पावसाची चर्चा या पोस्टखालीसुद्धा करू नये.